समासाला हात लावण्याआधी विचारणारा बाइंडर

नागपुरात बाइंडिंग करून देणारे पुष्कळ आहेत. जिथे कॉलेज आहे आणि झेरॉक्सचं मशीन आहे, तिथे प्रबंधाला काळं नाहीतर मरून रेक्झिन चढवून, वर सोनेरी अक्षरं ठोकून संध्याकाळपर्यंत हातात देणारं कुणीतरी मिळतंच. नव्या प्रबंधासाठी तेवढं पुरेसं आहे. शंभर वर्षांचं पुस्तक मात्र त्यांच्याकडे देऊ नये. त्यासाठी शहराच्या महाल या जुन्या भागात जावं.

बडकस चौकातून आत शिरलं की एका जुन्या वाड्याच्या ओसरीवर हे दुकान आहे. दुकानाला पाटी नाही. नाव आणि फोन नंबर कुठे छापू नका, असं तिथल्या काकाजींनी मला स्पष्ट सांगितलं आहे, म्हणून मी ते देत नाही. आसपासच्या कुठल्याही जुन्या स्टेशनरीवाल्याला ‘वह्या शिवणारे काकाजी’ विचारा, तो बोट दाखवेल. चारचाकी नेऊ नका, गल्लीत वळवता येत नाही. मेट्रोने येत असाल तर चितार ओळ चौकाला उतरून ई-रिक्षा करा. पुस्तकांचं गाठोडं घेऊन तेच सोयीचं पडतं.

मी नागपुरातल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात इतिहास विषयाची ग्रंथपाल आहे. देवघेवीच्या खिडकीवर बसणं हे माझं काम नाही. इतिहास विभागात कोणते पेपर शिकवले जातात ते पाहून खरेदीची यादी करायची, एम.ए.ला आलेल्या मुलांच्या हातात मूळ साधन आणि त्यावर लिहिलेलं पुस्तक शेजारी शेजारी ठेवून दोन्हींतला फरक दाखवायचा, पीएच.डी.चा विषय घेऊन आलेल्याला त्याचे कागद कुठे मिळतील ते सांगायचं, हे माझं काम. नागपूरच्या इतिहासाच्या बाबतीत यातलं शेवटचं सगळ्यांत कठीण आहे. तिसरे रघुजी भोसले ११ डिसेंबर १८५३ रोजी वारले आणि १८५४मध्ये राज्य खालसा झालं. १८६१मध्ये मध्य प्रांत तयार झाला आणि नागपूर त्याची राजधानी झालं. १९०३मध्ये वऱ्हाड त्याला जोडला गेला. स्वातंत्र्यानंतर नागपूर काही वर्षं मध्य प्रदेशाची राजधानी होतं, १९५६मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि १९६०मध्ये महाराष्ट्रात आला. एवढ्या उलथापालथीत दप्तरं एका जागी राहणं शक्यच नव्हतं. आज नागपूरवर काम करणाऱ्याला नागपूरचं अभिलेखागार, भोपाळ, दिल्ली आणि जमलं तर लंडन, असं सगळीकडे बघावं लागतं. आमच्या कपाटांवरही तीच गत आहे. पुस्तकांचं विषयवार वर्गीकरण करायच्या ड्यूई पद्धतीत मध्य प्रदेशाचा वर्गांक ९५४.३ आणि महाराष्ट्राचा ९५४.७९२. त्यामुळे एकाच नागपूर जिल्ह्याची जुनी पुस्तकं एका रांगेत आणि नवी दुसऱ्या रांगेत उभी आहेत.

अशा परिस्थितीत आमच्या दालनात जे छापील जुनं साहित्य आहे, म्हणजे गॅझेटिअर, सेटलमेंट रिपोर्ट (जमीनमहसुलाच्या आकारणीचे अहवाल), मध्य प्रांताचे वार्षिक प्रशासकीय अहवाल, जुन्या मराठी मासिकांचे खंड, त्याचं मोल फार आहे. गडचिरोलीहून किंवा भंडाऱ्याहून आलेल्या विद्यार्थ्याला दिल्लीचं तिकीट न काढता ते हातात घेता येतं. १९२३च्या झेंडा सत्याग्रहावर काम करणारी विद्यार्थिनी त्या वर्षीचा प्रशासकीय अहवाल मागते, तेव्हा तो तिच्यासमोर पूर्ण उघडला पाहिजे आणि त्याचं एकही पान निसटलेलं नको. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी १९३१मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांपैकी पहिलं सूत्र, ग्रंथ उपयोगासाठी आहेत, बाइंडरच्या ओसरीवरच खरं होतं किंवा तिथेच मोडतं. म्हणून या दुकानाबद्दल सविस्तर लिहिते आहे.

आधी वाईट बांधणी कशी असते ते सांगते, म्हणजे चांगलीची किंमत कळेल. ग्रंथालयांमध्ये बांधणीचं काम बहुधा सगळ्यांत कमी दर देणाऱ्या ठेकेदाराला जातं, आणि त्याचे परिणाम मी कपाटात रोज बघते. कमी दरात काम बसवायचं तर वेळ वाचवावा लागतो. वेळ वाचवायचा तर पुस्तकाची पाठ मशीनखाली धरून सरळ कापायची, सुटी झालेली पानं डिंकाने चिकटवायची आणि वरून आरपार टोचून शिवायचं. पुस्तक बाहेरून ताठ आणि नवंकोरं दिसतं. आत बघावं तर आतला समास शिलाईने गिळलेला आणि बाहेरचा समास मशीनने उडवलेला असतो. त्या बाहेरच्या समासात एखाद्या जुन्या वाचकाने पेन्सिलीने केलेल्या टिपा असतात, कधी आकड्यांची दुरुस्ती असते, कधी मजकुराशी घातलेला वाद असतो. इतिहासाच्या अभ्यासकाला त्या टिपा छापील मजकुराइतक्याच हव्या असतात. माझ्या टेबलावर अशी पुस्तकं आहेत की ज्यांच्या टिपांची फक्त डावी अर्धी बाजू शिल्लक आहे.

मासिकांच्या बाबतीत तर याहून मोठं नुकसान होतं. बारा अंक एकत्र बांधताना मुखपृष्ठं आणि जाहिरातींची पानं काढून टाकायची, ही कितीतरी वर्षांची रीत आहे. खंड जाडजूड होऊ नये म्हणून ते केलं जातं. पण आज कुणी नागपूरच्या कापड व्यवसायावर काम करत असेल, १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झालेल्या एम्प्रेस मिलपासून पुढची कहाणी शोधत असेल, तर त्याला अग्रलेखापेक्षा जाहिरातच जास्त सांगून जाते. कापड कोणत्या भावाने विकलं जात होतं, दुकान कोणत्या गल्लीत होतं, गिऱ्हाइकाला काय म्हणून हाक मारली जात होती, हे सगळं त्या पानांवर असतं. आमच्याकडच्या कितीतरी खंडांत ती पानं नाहीत आणि ती आता परत येणार नाहीत.

काकाजींकडे मी पहिल्यांदा गेले ती १९०८चं नागपूर जिल्ह्याचं गॅझेटिअर घेऊन. रसेलने संपादित केलेला तो खंड विद्यार्थी इतका हाताळतात की पाठ निखळून पुठ्ठा हातात आला होता. काकाजींनी पुस्तक मांडीवर घेतलं, मध्ये उघडलं, फर्म्याच्या, म्हणजे एकत्र दुमडलेल्या पानांच्या जुडीच्या, पोटातला दोरा बोटाने दाबून पाहिला, एका पानाचा कोपरा हलकेच दुमडून पाहिला आणि विचारलं, “मॅडमजी, हे वाचाले द्याचं आहे का कपाटात ठेवाचं आहे?”

हा प्रश्न मला आजवर कुठल्याही बाइंडरने विचारला नव्हता. वाचायला द्यायचं असेल तर शिलाई मजबूत आणि मोकळी हवी, ठेवायचं असेल तर पुस्तकाला शक्य तितका कमी हात लावायचा. म्हणजे पुढचं सगळं काम या एका प्रश्नावर ठरतं. मी म्हटलं, वाचायला. त्यावर त्यांचा दुसरा प्रश्न आला, “कडा कापू का राहू देऊ?” मी राहू द्या म्हटलं. ते म्हणाले, “मंग एकसारखं नाही दिसनार, आधीच सांगून ठेवतो.” नाही दिसलं तरी चालेल म्हटल्यावर त्यांनी पानांच्या टोकांना हात लावला नाही. गॅझेटिअरचा प्रत्येक समास जसा होता तसा परत आला.

काम कसं करतात ते मी बसून पाहिलं आहे, आणि कुणी बसून पाहिलं तर त्यांना चालतं. पाठीवरचा जुना सरस ते खरवडत नाहीत. त्यावर ओली खळ लावून ठेवतात, सरस फुगून मऊ होतो आणि मग बोथट पट्टीने अलगद निघतो. फर्मे एकेक सुटे होतात. ज्या फर्म्याची घडी फाटली असेल तिथे पातळ टिश्यू कागदाची पट्टी आतून लावून दोन्ही पानं पुन्हा जोडली जातात. वाळल्यावर ती पट्टी शोधावी लागते, इतकी बेमालूम बसते. मग जुजबंदी शिलाई. म्हणजे प्रत्येक फर्मा त्याच्या घडीतून शिवायचा आणि टाका पाठीवरच्या सुती फितीवरून नेत पुढच्या फर्म्यात घ्यायचा. दोरा मेणवलेला असतो. अशी शिलाई केलेलं पुस्तक टेबलावर ठेवलं की सपाट उघडं राहतं, वाचणाऱ्याला दोन्ही हातांनी दाबून धरावं लागत नाही. आरपार टोचलेल्या पुस्तकाचा कागद जरा कडक झाला की नेमका शिलाईच्या रेषेवर तुटतो, कारण दर वेळी पान उलटताना तो तिथेच वाकतो. जुजबंदीत पान घडीपासून वळतं आणि ताण वाटला जातो.

शिलाईचं बरंचसं काम आता त्यांची सून करते. मला तिचे टाके सासऱ्यांपेक्षा सरस वाटतात, आणि काकाजीही ते मान्य करतात. तिला इंग्रजी पृष्ठक्रमांक, रोमन आकडे, मधली क्रमांक नसलेली चित्रांची पानं, हे सगळं नीट कळतं. पुस्तक सोडवण्याआधी ती पानांची जुळणी करते आणि जे पान मुळातच नसेल ते कागदावर लिहून गिऱ्हाइकाची सही घेते. इतिहाससंशोधक वा. वि. मिराशींच्या, वाकाटक या प्राचीन राजघराण्याच्या लेखांच्या १९६३च्या खंडासारखी पुस्तकं असतात, त्यांत शिलालेखांच्या आणि ताम्रपटांच्या ठशांची पानं मजकुरापासून वेगळी छापून जोडलेली असतात. मशीनवाल्या बांधणीत असं पान आधी गळतं आणि मग हरवतं. सूनबाईंनी अशा प्रत्येक पानाला कापडी पट्टी लावून ते शेजारच्या फर्म्यात शिवून दिलं. वाकाटकांवर काम करणाऱ्याला मजकूर आणि ठसा एकत्रच हवा असतो, आणि मिराशी ज्या गावात राहून हे काम करत होते त्या गावात तरी ते पुस्तक धड असायला हवं.

नकाशांबद्दल वेगळं लिहायला हवं. सेटलमेंट रिपोर्टच्या आणि गॅझेटिअरच्या मागे घडीचे नकाशे असतात. घडी जिथे जिथे छेदते तिथे आधी भोक पडतं, मग नकाशाचे चौकोन सुटे होतात. कुणी चांगल्या मनाने चिकटपट्टी लावतं आणि काही वर्षांनी त्या पट्टीचा पिवळा, चिकट डाग कागदात कायमचा उतरतो. काकाजी नकाशा पुस्तकातून सोडवून पातळ मलमलीवर चढवतात. घडीच्या जागी जरा फट ठेवतात म्हणजे दुमड कापडावर येते, कागदावर येत नाही. नंतर पाठीच्या बाजूला नकाशाच्या जाडीइतकी कोरी पट्टी शिवून तो तिला जोडतात. त्यामुळे पुस्तक मिटल्यावर मागे फुगत नाही. तालुक्याच्या जुन्या हद्दी शोधणाऱ्या संशोधकाला हा नकाशा आता पूर्ण पसरून बघता येतो. इंटरनेटवर या पुस्तकांचे स्कॅन मिळतात हे मला माहीत आहे आणि मी स्वतः विद्यार्थ्यांना ते शोधून देते. पण बऱ्याच स्कॅनमध्ये घडीचा नकाशा मिटलेलाच असतो, त्याचा फक्त वरचा चौकोन दिसतो. ज्याला गावाची शीव बघायची आहे त्याला कागदावरच यावं लागतं.

यावरून एक गोष्ट माझ्यासारख्या इतर ग्रंथपालांना मुद्दाम सांगते. पुस्तक सोडवलेलं असताना, फर्मे सुटे असताना, स्कॅन करून घ्या. पान सपाट पडतं, पाठीकडची अक्षरं वाकडी येत नाहीत आणि पुस्तकाला जोर लावावा लागत नाही. काकाजी त्यासाठी फर्मे बांधून परत देतात आणि स्कॅन झाल्यावर शिवायला घेतात. त्याचे वेगळे पैसे घेत नाहीत, फक्त क्रम बिघडवू नका एवढं बजावतात.

मला सगळ्यांत जास्त आवडतं ते त्यांचं नाही म्हणणं. १९३०–४०च्या दशकांतल्या वर्तमानपत्रांचा एक खंड मी नेला होता. त्यांनी पान हातात घेतलं, कोपरा दुमडला, तो तुटून त्यांच्या हातात आला. “हा कागद सुई सहन नाही करत. याले डब्यात ठेवा,” म्हणाले आणि खंड परत दिला. काम नाकारलं म्हणजे पैसे गेले, तरी नाकारलं. त्यांचं बरोबर आहे. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा असतो, त्यातलं लिग्निन काढलेलं नसतं, म्हणून तो पिवळा पडत जातो आणि ठिसूळ होतो. छपाईच्या कागदाला तुरटी आणि राळ लावायची पद्धत एकोणिसाव्या शतकात आली, त्यानेही कागदात आम्ल शिल्लक राहतं. म्हणून १८२०–३०च्या सुमाराला चिंध्यांच्या लगद्यापासून केलेल्या कागदावरचं पुस्तक आज मऊ असतं आणि त्याच्याहून शंभर वर्षांनी लहान असलेलं पुस्तक बोट लावलं की तुटतं. विद्यार्थ्यांना हे उलटं वाटतं, म्हणून मी दोन्ही कागद शेजारी ठेवून दाखवते.

अशा ठिसूळ साहित्यासाठी काकाजी मापाच्या पेट्या आणि चार पाकळ्यांची वेष्टणं करून देतात. आम्लमुक्त पुठ्ठा आणि कागद मात्र तुम्हालाच न्यावा लागतो. त्यांच्याकडचा साधा राखी पुठ्ठा आत लावू देऊ नका, त्यातलं आम्ल आतल्या कागदात उतरतं.

आता उणिवा. पहिली आणि सगळ्यांत महत्त्वाची, मोरचूद. खळीला कीड लागू नये म्हणून जुने बाइंडर तिच्यात मोरचूद घालतात, काकाजीही घालतात. कसर आणि वाळवी दूर राहते हे खरं, पण मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार आणि तांबं कागदाच्या ऱ्हासाला गती देतं. मी त्यांच्याशी यावर बराच वाद घातला. ते म्हणाले, “माह्या बापानं शिवलेल्या वह्या अजून आहेत.” व्यापाऱ्याची खातेवही आणि शंभर वर्षांचं आम्लयुक्त पुस्तक यांत फरक आहे, हे मी त्यांना तुटलेला कागद दाखवून पटवलं. आता आमच्या पुस्तकांसाठी ते रोज लागेल तेवढीच ताजी खळ करतात आणि तीत मोरचूद नसतं. पण हे प्रत्येक वेळी सांगावं लागतं. तुम्हीही सांगा, विसरू नका.

दुसरं, काही सांगितलं नाही तर ते रेक्झिन लावतात, कारण गिऱ्हाइकाला चकाकी आवडते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो. त्या कोरड्या उष्णतेत रेक्झिनचा सांधा तडकतो आणि वरचा थर पापुद्र्यासारखा सुटतो. जाड सुती कापड मागा. चामडं मागू नका. नागपूरच्या हवेत ते सुकून भुसभुशीत होतं आणि हाताला लाल भुकटी लागते. आमच्या दालनातल्या जुन्या चामडी खंडांची तीच अवस्था आहे.

तिसरं, पाठीवरची अक्षरं. मराठी शीर्षक ते सुरेख उठवतात. जोडाक्षर फोडत नाहीत, रफार जागच्या जागी असतो. इंग्रजी शीर्षकात चुका होतात, आणि सरकारी अहवालांची शीर्षकं लांबलचक असल्याने कुठे तोडायचं हे त्यांना कळत नाही. मी आता प्रत्येक पुस्तकात एक चिठ्ठी ठेवते. तीवर पाठीवर काय हवं ते ओळीनुसार, मोठ्या अक्षरांत, वर्ष आणि वर्गांक यांच्यासह लिहिलेलं असतं. वर्ष पाठीवर हवंच. एकसारख्या दिसणाऱ्या तीस अहवालांतून १९२३–२४चा शोधायला विद्यार्थ्याला तीस खंड उपसावे लागले, तर प्रत्येक खंडाचं आयुष्य तेवढ्याने कमी होतं.

चौथं, बिल. इथे साधी हाताने लिहिलेली पावती मिळते. संस्थेच्या लेखा विभागाला ती चालेलच असं नाही, म्हणून काम देण्याआधी आपल्याकडे विचारून घ्या. घरची पुस्तकं घेऊन जाणाऱ्यांना ही अडचण नाही.

दर असे: साध्या आकाराच्या पुस्तकाला जुजबंदी शिलाई आणि कापडी बांधणी ३०० ते ४५० रुपये, मोठ्या खंडाला त्याच्या दुप्पट किंवा थोडं जास्त, नकाशा मलमलीवर चढवायचे पैसे आकार बघून. मशीनवाल्या बांधणीशी तुलना केली तर हे महाग वाटेल. पण मशीनवाली बांधणी काही वर्षांत पुन्हा करावी लागते आणि तेव्हा कापायला समासच उरलेला नसतो. माझ्या मते हा दर कमी आहे. सूनबाईंच्या हातच्या कामाला याहून जास्त मिळायला हवं, आणि मी त्यांना तसं सांगितलंही आहे.

वेळ भरपूर लागतो. मार्च ते जून प्रबंधांची गर्दी असते, त्यावर त्यांचं घर चालतं, तेव्हा जुनी पुस्तकं मागे पडतात. दिवाळीच्या आधी इतवारीच्या व्यापाऱ्यांच्या चोपड्या आणि खतावण्या असतात. ऐन पावसाळ्यात खळ वाळत नाही आणि घाई केली तर पुस्तकात बुरशी धरते. ते स्वतःच जुलै-ऑगस्टमध्ये नकाशांचं काम घेत नाहीत. त्यामुळे दिवाळी झाल्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ सगळ्यांत चांगला. नागपूरच्या थंडीत हवा कोरडी असते, पण उन्हाळ्यासारखी भाजणारी नसते, आणि पुठ्ठा वाकत नाही.

घरी जुने कागद असलेल्या लोकांसाठीही लिहिते, कारण महालात, इतवारीत, उमरेड-रामटेककडच्या मालगुजारांच्या, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या, घरांत असे कागद अजून निघतात आणि लोक ते घेऊन माझ्याकडे येतात. मोडी कागद हाती बनवलेल्या कागदावर काजळाच्या शाईने लिहिलेले असतात. काजळाची शाई उन्हाने उडत नाही, पण पाणी लागलं की फुटू शकते. म्हणून ते ओल्या फडक्याने पुसू नका. झेरॉक्सच्या दुकानात प्लास्टिकमध्ये लॅमिनेट तर कदापि करू नका. ते गरम चिकटवलेलं प्लास्टिक पुढे कागद न फाडता काढता येत नाही आणि कागदाची डागडुजी करायची वाट कायमची बंद होते. काकाजींकडे अशा कागदांसाठी धुतलेल्या, खळ काढलेल्या सुती कापडाचे रुमाल शिवून मिळतात, बंदांसकट. पेशव्यांच्या दप्तरातले कागद ज्या रुमालांत बांधलेले असतात तीच ही पद्धत. कागद दुमडल्याशिवाय मावेल असं माप द्या, दोन्ही बाजूंना आम्लमुक्त पुठ्ठ्याची फळी ठेवा आणि गाठ कागदावर येणार नाही असं बांधा. कूलरच्या झोतासमोरच्या कपाटात ठेवू नका. खसाच्या ताट्यांमधून येणारी ओली हवा आपल्याला बरी वाटते, कागदाला नाही. एप्रिलमध्ये कोरडी, मेमध्ये ओली आणि जुलैमध्ये कुबट, अशी हवा सारखी बदलत राहिली की कागद फुगतो, आकसतो आणि बांधणी सैल होते. घराच्या आतल्या भिंतीजवळचं कपाट सगळ्यांत चांगलं.

काकाजींना मोडी वाचता येत नाही, पण कागद उलटा बांधला जाऊ नये म्हणून ते मथळ्याकडची बाजू विचारून घेतात आणि पेन्सिलीने रुमालावर खूण करतात. कागदांच्या क्रमात बदल करत नाहीत. फाटलेला तुकडा फेकत नाहीत, छोट्या पाकिटात घालून त्याच रुमालात ठेवतात. जुन्या पुस्तकाच्या पुठ्ठ्याच्या आतून निघालेलं छापील पान, जुनी ग्रंथालयाची चिठ्ठी, कुणाच्या मालकीचा शिक्का असलेलं अस्तर, हेही सगळं परत मिळतं. हे पुस्तक आमच्याकडे कुणाकडून आलं, आधी कोणत्या वाचनालयात होतं, याचा पुरावा कित्येकदा त्या अस्तरावरच असतो आणि तो परत मिळाला की मी दाखल नोंदवहीत तशी नोंद करते.

पहिल्यांदा जाताना एकच पुस्तक न्या. चिठ्ठीवर लिहा: कडा कापू नयेत, मोरचूद नको, रेक्झिन नको, सगळे सुटे कागद परत हवेत. पुस्तकाचे आधीचे फोटो मोबाइलवर काढून ठेवा, विशेषतः मुखपृष्ठ, नकाशे आणि शेवटचं पान. दुकान मंगळवारी बंद असतं, इतर दिवशी सकाळी अकराच्या आत गेलात तर काकाजी निवांत बोलतात. आमची पुढची खेप प्रशासकीय अहवालांची आहे. ती दिवाळीनंतर घेऊन या, आणि येताना निळं कापड आणा, पांढरं मळतं, असं सूनबाईंनी सांगून ठेवलं आहे.